अक्षरं डोंगर चढली, पुस्तकं खालीच राहिली

जुलै १९३७ ते नोव्हेंबर १९३९ या काळात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबई इलाख्याचा कारभार पाहत होतं. जेमतेम सव्वादोन वर्षं. तेवढ्यात या सरकारने तीन अशा प्रश्नांना हात घातला, ज्यांची उत्तरं आपण आजही शोधतो आहोत. एक, अक्षर न शिकलेल्या मोठ्या माणसांना वाचायला कसं शिकवायचं. दोन, गावोगाव सार्वजनिक ग्रंथालय कसं पोचवायचं. तीन, डोंगरातल्या आदिवासींना सावकार-जमीनदारांच्या कर्जातून कसं सोडवायचं. हे तिन्ही प्रश्न एकाच माणसाचे होते. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्याच गावात पुस्तक नव्हतं, आणि त्याच्याच अंगठ्यावर सावकाराची वही चालत होती. सरकारदरबारी मात्र तिन्हींच्या फायली निराळ्या टेबलांवर गेल्या. त्या वेगळ्या राहिल्याची किंमत ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्याने, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याने, जामसरसारख्या गावांनी मोजली.

पहिली फाइल मुंबईच्या कामगारवस्तीतली. १९३७-३८ मध्ये साक्षरतेचं काम उभं करणाऱ्यांत एक तरुण बाई होत्या, गोदावरी गोखले. १९०७ साली पुण्यात जन्मलेल्या, महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर, आणि नामदार गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३९ मध्ये मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षणाची स्वतंत्र समितीही नेमली गेली. पुढे ती मुंबई शहर समाजशिक्षण समिती म्हणून ओळखली गेली. अशा वर्गांत दिवसभर राबलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसायचा. त्याच्या भोवती छापील अक्षरांची दाटी होती. गिरणीच्या फाटकावरच्या नोटिसा, युनियनची पत्रकं, दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रं. वर्गात शिकलेलं अक्षर त्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यात पुन्हा भेटायचं. त्यामुळे ते त्याच्याजवळ टिकण्याची शक्यता होती.

दुसरी फाइल ग्रंथालयांची. सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. १९४० मध्ये तिने दिलेला अहवाल आजही आदराने आठवावा असा आहे. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, भाषावार विभागांसाठी विभागीय ग्रंथालयं, त्याखाली जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी पायरीपायरीची रचना समितीने आखली होती. पण तोवर खेरांचं मंत्रिमंडळ युद्धाच्या प्रश्नावर पायउतार झालं होतं आणि अहवाल पडून राहिला. १९४६ नंतर अंमलबजावणी सुरू झाली ती वरच्या पायरीपासून. मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत मध्यवर्ती ग्रंथालय आलं आणि पुणे, अहमदाबाद, धारवाडला विभागीय ग्रंथालयं आली. गाव सगळ्यात खालच्या पायरीवर होतं, म्हणून त्याची पाळीही सगळ्यात शेवटी यायची होती.

तिसरी फाइल सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांची. १९३७ मध्ये त्यांच्याकडे इलाख्यातल्या आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी सोपवली गेली. ठाणे जिल्ह्यातली वेठबिगार, कर्जाची गुलामी आणि जमीनदारांची दहशत त्यांच्या अहवालाने सरकारी कागदावर आणली. सगळ्यात भयंकर पद्धत लग्नगडीची. लग्नासाठी शेदोनशे रुपये उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी जमीनदाराकडे राबायचं. फिटली की नाही हे सांगणारी वही जमीनदाराच्या घरात, आणि तिच्यातलं एक अक्षरही गड्याला कळायचं नाही. मग ती फिटणार कधी? माणूस मेला तरी हिशेब उरायचा आणि मुलाच्या डोक्यावर यायचा. अक्षरओळख नसणं हा इथे गरिबीचा परिणाम होताच. पण गरिबी पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवणारी दोरीही तीच होती.

या डोंगरपट्ट्यात सरकारंही दोन होती. मोखाडा इंग्रजी मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा. शेजारचं जव्हार मुकणे राजांचं संस्थान, चौदाव्या शतकापासूनची परंपरा सांगणारं. १९०१च्या जनगणनेत जव्हार संस्थानची लोकसंख्या ४७,५३८ होती आणि विस्तार सुमारे ३१० चौरस मैल. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ही इथली माणसं. नाचणी-वरईची शेती, भाताची थोडी खाचरं आणि बाकी जंगल. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत, १९४८ मध्ये, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानाच्या हद्दीतल्या गड्याचा आणि इंग्रजी हद्दीतल्या गड्याचा दिवस फारसा निराळा नव्हता. पण इलाखा सरकारच्या चौकशीची, समित्यांची आणि मोहिमांची हद्द मोखाड्याच्या वेशीवर संपायची.

मराठी मुलखाला ग्रंथालय ही गोष्ट नवी नव्हती. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. याच ठाणे जिल्ह्यात, ठाणे शहरात, १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झालं, आणि पाच वर्षांनी मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय. मराठी पुस्तक जतन व्हावं म्हणून सामान्य माणसांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या या संस्था आपल्या समाजाची फार मोठी कमाई आहेत. त्या उभ्या राहिल्या रेल्वेच्या आणि बाजारपेठेच्या गावांत, कारण तिथे आधीच वाचणारे लोक होते. ठाण्याच्या संग्रहालयात पुस्तकं जमू लागली तेव्हा त्याच जिल्ह्याच्या डोंगरात लग्नगडी राबत होते.

मोठ्या माणसांना शिकवण्याची परंपराही जुनीच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी जोतीरावांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकातलं शेतकरी जोडपं आपली फसवणूक कशी झाली हे उमगल्यावर शेवटी रात्रशाळेचीच वाट धरतं. अज्ञानाचा थेट संबंध लुबाडणुकीशी आहे, आणि म्हणून मोठ्या माणसाची शाळा ही न्यायाची गोष्ट आहे, हे जोतीरावांनी तेव्हाच सांगून ठेवलं. खेर मंत्रिमंडळाच्या काळात विखुरलेल्या फायली त्यांच्या नाटकात ऐंशी वर्षं आधी एकत्र होत्या.

पुस्तक आणि अक्षर एकाच हाताने खेड्यात नेण्याचा मोठा प्रयोग बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६-०७ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सोडलेल्या मुलाच्या हातात पुढे काही वाचायला आलं नाही, तर शाळेवर केलेला खर्च वाया जातो. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालय उभारणीसाठी बोलावलं. गावाने जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा नियम झाला. जिथे तेवढंही शक्य नव्हतं तिथे फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या जात. गावाला त्याचा खर्च पडत नसे. त्याच ग्रंथालय खात्याचा एक विभाग ज्यांना वाचता येत नाही अशांना चित्रं आणि सिनेमा दाखवत गावोगाव फिरायचा. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा माणूस आहे, हे त्या खात्याने मान्य केलं होतं. बडोद्याचा नवसारी प्रांत जव्हारपासून उत्तरेला काही फार लांब नव्हता. तरी त्या पेट्यांची रीत इकडच्या डोंगरात रुजली नाही.

इकडे आधी आला तो लढा. गोदावरीबाईंनी १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न केलं, दोघांनी युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवास भोगला, आणि सुटल्यावर ती दोघं किसान सभेच्या कामाला लागली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे आलेल्या वारल्यांनी आपली कहाणी सांगितली, आणि मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली एकत्र आले. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, हा तिथला निर्धार रानोरान पोचला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. तरी चळवळ थांबली नाही, आणि शतकानुशतकांची वेठ व लग्नगडीची पद्धत मोडून पडली. गोदूताईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

मुंबईत साक्षरतेचं काम केलेली ही बाई डोंगरात आली ती किसान सभेचा झेंडा घेऊन. इथलं पहिलं शिक्षण तोंडी झालं: सभा, शपथ आणि ‘नाही’ म्हणण्याचं धाडस. माणसाच्या मनातली भीती जात नाही तोवर त्याच्या हातात पाटी देऊन उपयोग नसतो, हे या इतिहासाने दाखवलं. पण भीती गेल्यावर पाटी लागतेच. वेठ संपली म्हणून सातबारा वाचता येत नाही. वारल्यांनी आपल्या बळावर सावकाराची वही बंद पाडली. तिच्या जागी स्वतःची वही उघडण्याचं काम उरलं होतं, आणि ते समाजाने व सरकारने करायचं होतं.

त्याच १९४५ साली, त्याच मुलखात, समुद्राकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये त्यांनी आपलं काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरं राखतं, हे ओळखून त्यांनी कुरणशाळा काढली: गुरं चरतील तिथेच शाळा भरवायची. घरच्या अंगणात भरणारी अंगणवाडीही त्यांचीच. हे सगळं लहान मुलांसाठी होतं, पण प्रौढांच्या वर्गाला लागू पडणारा सगळ्यात मोठा धडा त्यात होता. शाळेने माणसाच्या कामाच्या वेळा पाळायच्या आणि त्याच्या कामाच्या जागी जायचं. भातलावणीत आणि गवतकापणीत कोण वर्गाला बसणार? दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबं जगायला बाहेर पडतात, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. या वेळापत्रकाकडे न बघता आखलेला कोणताही वर्ग इथे रिकामाच राहणार.

स्वातंत्र्यानंतर १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८.३३ टक्के निघाली. महाराष्ट्राने त्यावर दिलेलं सगळ्यात उमेदीचं उत्तर म्हणजे साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि १९६१ पासून राज्यभर पसरली. गावातले शिक्षक आणि शिकलेली तरुण मंडळी मानधन न घेता शिकवायची. मुलं आईबापांना, सुना सासवांना वर्गात घेऊन यायच्या. गावातली सगळी मोठी माणसं लिहू-वाचू लागली की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. शेजारच्या गावाचा समारंभ झाला आणि आपला राहिला, ही चुरस लोकांना चेतवायची. १९७२ मध्ये युनेस्कोने या मोहिमेला पारितोषिक देऊन गौरवलं. गावाने सामुदायिक पण म्हणून साक्षरता अंगावर घेतल्याचं एवढं मोठं उदाहरण देशात क्वचित सापडेल.

पण समारंभानंतर काय? मोहिमेच्या आखणीत नवसाक्षरांसाठी फिरती वाचनालयं होती, मात्र तीच बाजू सगळ्यात लंगडी राहिली. चार महिन्यांत शिकलेलं अक्षर वर्षभर डोळ्यांपुढे आलं नाही, तर पुसून जातं. मोठ्या माणसाचं तर फार लवकर, कारण त्याला रोजची परीक्षा नसते, गृहपाठ नसतो. सही तेवढी राहते.

याच दशकात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ आला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. ग्रंथालय संचालनालय स्थापन झालं, अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरली आणि राज्यात हजारो ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. या कायद्याने महाराष्ट्राचं फार भलं केलं. पण त्याची रीत अशी, की आधी गावकऱ्यांनी संस्था काढायची, तिची नोंदणी करायची, पुस्तकं, जागा, सभासद, नोंदवह्या आणि हिशेब दाखवायचा, मग अनुदान मिळायचं. ज्या गावात चार शिकलेली माणसं आणि थोडा पैसा आहे त्या गावाला हे जमतं. ज्या पाड्यावर घटना लिहायला आणि हिशेब ठेवायलाच माणूस नाही, त्याने संस्था कशी काढायची? म्हणजे ज्या गावाला ग्रंथालयाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते मिळणं सर्वांत अवघड. पुढे २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर बराच काळ नव्या ग्रंथालयांना मान्यता देणंच थांबलं. मागून येणाऱ्या डोंगराळ गावांसाठी उरलेली फटही बंद झाली.

साक्षरतेचे कार्यक्रम मात्र येत राहिले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना साक्षर करण्याचा त्याचा संकल्प होता. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं, आणि दिल्लीच्या पातळीवर अक्षर आणि पुस्तक एकत्र आणणारी एक चांगली कल्पना त्यासोबत आली: जनशिक्षण निलयम. चारपाच गावांच्या, सुमारे पाच हजार वस्तीच्या टापूला एक केंद्र. तिथे छोटं ग्रंथालय, वाचनकक्ष, चर्चामंडळ आणि काम पाहायला एक प्रेरक. जव्हार-मोखाड्याला नेमकं हेच हवं होतं. पण जिल्हावार संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमांची लाट आली, आकडे गाठण्याची घाई झाली आणि निलयमं मागे पडली. मोहिमेला सुरुवात असते आणि समारोप असतो. ग्रंथालय रोज उघडावं लागतं.

दरम्यान डोंगरातल्या माणसाचं कागदाशी नातं बदलत होतं. १९७८ मध्ये याच भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. तिचे कार्यकर्ते प्रदीप प्रभू यांनी नेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वनजमिनीवरच्या आदिवासींच्या दाव्यांसाठी सरकारी कागदापलीकडचा पुरावाही पाहण्याची वाट मोकळी केली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी गावातल्या वयोवृद्धांचं कथन पुरावा म्हणून मान्य केलं. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता त्याच्या आठवणीला कायद्याने किंमत दिली, हा मोठा विजय होता. पण त्या नियमातही एक अट आहे: ते कथन लेखी नोंदवलेलं असलं पाहिजे. आजोबा सांगणार, कुणीतरी लिहिणार, आणि काय लिहिलं हे आजोबांना पुन्हा दुसऱ्याकडूनच ऐकावं लागणार. पेसा कायद्याने १९९६ मध्ये ग्रामसभेला अधिकार दिले, तेही इतिवृत्ताच्या वहीतूनच वापरायचे असतात. सही करणाऱ्याला वर काय लिहिलंय ते कळलं नाही, तर ग्रामसभा त्याच्या नावाची असते, त्याची नसते.

याच डोंगररांगांच्या दक्षिणेला, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात, ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. घरची कामं उरकल्यावरची ती वेळ होती. या शाळेचं कौतुक जगभर झालं. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला वाटते ती आज्यांची इच्छा. त्यांना पोथी स्वतः वाचायची होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले शब्द आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते. वाचायला काय हवं आहे हे शिकणाऱ्याला आधी ठाऊक असलं, की बाराखडी त्याला परकी राहत नाही.

सध्या २०२२ ते २०२७ या काळासाठी उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या कुणालाही त्यात येता येतं, शिकवणारे स्वयंसेवक असतात. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला पन्नास-पन्नास गुण होते. नातवाचा हात धरून आलेल्या आज्या त्या दिवशी बाकांवर बसल्या, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण उत्तीर्ण झालेल्या आजीने त्या संध्याकाळी काय वाचायचं, हा १९५९ मध्ये साताऱ्यात उरलेला प्रश्न आपण अजून सोडवलेला नाही.

तो सोडवणं आता अशक्य राहिलेलं नाही. जव्हार-मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. राज्य सरकार पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अबंध देतं, आणि तो कुठे लावायचा हे ग्रामसभा ठरवते. शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. जामसर हे ग्रामपंचायतीचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचं गाव. आसपासच्या पाड्यांवरच्या माणसांचं तिथे येणं-जाणं असतंच. तिथे एक खोली, मोठ्या अक्षरांची सोपी पुस्तकं, वनहक्काचे आणि रोजगार हमीचे नियम साध्या मराठीत, वारली-कोकणा बोलीत लिहून घेतलेल्या आपल्याच म्हाताऱ्यांच्या गोष्टी, एक वर्तमानपत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावातलीच एखादी शिकलेली मुलगी, मानधनावर नेमलेली, जी रोज संध्याकाळी दार उघडेल आणि विचारायला आलेल्या माणसाला अर्ज वाचून दाखवता दाखवता तो स्वतः वाचायला शिकवेल. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांबरोबर बडोद्यासारखी पुस्तकांची पेटी जाईल, आणि पावसाआधी परत येईल. संस्था नोंदणीची वाट पाहायला नको की नव्या मोहिमेची. हा ठराव ग्रामसभा आपल्या अधिकारात करू शकते, आणि तो मांडायला पहिला हात त्याच माणसाने वर करावा, ज्याने यंदा पहिल्यांदा अंगठ्याच्या जागी सही केली आहे.